चार गेली, चार आली

राघवेंद्र सरांवर मी ओरडले, हे खरंय. केबिनचं दार उघडं होतं, बाहेर पालक बसलेले, सगळ्यांनी ऐकलं. बरं झालं ऐकलं!

लातूरच्या त्यांच्या क्लासमध्ये मी नेटवर्कचं काम बघायची. सरांनी बोलावलं म्हणून गेले, तर समोर किल्लारीचा जीपवाला मलप्पा आणि त्याची पोरगी विशाखा. रविवारी क्लासच्या किल्लारी सेंटरवर ऑनलाइन परीक्षा झाली होती. पहिल्या वीस पोरांना फुकट बॅच. विशाखाचं म्हणणं, आकृत्यांचे प्रश्न स्क्रीनवर उघडलेच नाहीत. बाकीची दहा पोरं भिऊन गप्प बसली, ही एकटी बोलली. म्हणून सर तिला क्लासमधूनच काढायला निघाले होते.

"हा बघा रिपोर्ट," सर मलप्पापुढं कागद नाचवत म्हणाले. "चार पाठवली, चार परत आली. नेट एकदम ओके. खाली शबाना मॅडमची सही. खोटं बोलते तुमची मुलगी."

सही माझीच होती. दर परीक्षेआधी मी इथून किल्लारीच्या मशीनला पिंग मारायची. म्हणजे कमांड टाकून इवलीशी पाकिटं पाठवायची आणि परत येतात का बघायचं. चार गेली, चार आली, ठोक सही, चल चहाला. पाच वर्षं हेच करून राहिले होते.

मलप्पानं हात जोडले. "सर, भूकंपात घर गेलं तवा बी माझ्या बापानं कुणापुढं हात जोडले न्हाईत. मी जोडून राहिलो. पोरीला काढू नका."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरांचाच कीबोर्ड ओढला, तीच कमांड टाकली, फक्त पाकिटाचा आकार वाढवला. आकृत्या मोठ्या पाकिटांतूनच जातात. चार गेली, एकही परत आलं नाही. पुन्हा मारली. चारच्या चार गडप. आकार लहान केला, की चारही हजर.

"या अल्ला! बघा, डोळे उघडून बघा!" मी ओरडले. "पोस्टकार्ड जातंय, पार्सल वाटेतच मरतंय. अकरा पोरांचा पेपर बुडाला आणि तुम्ही हिला खोटारडी म्हणता? लाज कशी वाटत न्हाई?"

"आवाज खाली, मॅडम. निकालाची यादी लागलीय. आणि सही तुमची आहे, माझी नाही."

"हाव, माझीच हाय!"

कागद हिसकावून मी बाहेर पालकांत गेले. हा रिपोर्ट चुकीचा हाय आणि चूक माझी हाय, असं मोठ्यानं सांगितलं. एकच गलका झाला. दहा मिनिटांत सरांनी किल्लारीच्या पोरांची फेरपरीक्षा जाहीर केली, आणि मला उद्यापासून येऊ नका म्हणाले. खड्ड्यात गेली नोकरी!

जिन्यात मलप्पा माझ्या पाया पडायला लागला. विशाखा मात्र कठड्याला टेकून उभी होती.

"खूश हो की गं," मी म्हणाले.

"सरांनी तुमचा कागद कालच फोनवर पाठविला होता," ती म्हणाली. "तो बघून अप्पांनी मला मारलं. लई मारलं. शेवटी मी म्हणाले, हाव, खोटं बोलले."

मलप्पा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

"मॅडम, ती मोठ्या पाकिटांची टेस्ट करायला किती टाइम लागतो?"

"वीस सेकंद," मी म्हणाले.