बाकावरची टकटक

हट्टी म्हणजे किती हट्टी! इस्तंबूलहून नोकरीचं पत्र येऊन पंधरा दिवस झाले, तिकीट पर्समध्ये पडलंय, आणि लिंडाउअरबाई मला विचारतात, "क्राम्पिट्झ, दिव्यांच्या वायरी तपासल्यात ना?"

अकरा वर्षं मी त्यांच्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत मेकॅनिक. दोन दिवे आलटून पालटून लावायचं यंत्र माझ्याच हातचं. बघणाऱ्याला वाटतं, एकच दिवा इकडून तिकडे पळतोय. "पळत काहीच नाही," बाई म्हणायच्या, "सुटं सुटं आपल्याला दिसतच नाही, मन आधी सगळं जोडतं." त्यावरच त्यांचं नाव झालेलं.

पण बाई ज्यू. त्या वसंतात नाझींच्या बर्लिनमध्ये तेवढं पुरे होतं. आदल्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या प्राध्यापकांना घरातून उचललं होतं. माझा जीव नुसता खालीवर.

"आजच निघा, बाई. चारची गाडी आहे."

"व्याख्यानानंतर मुलांनी बाकं वाजवली तर मी राहणार. मुलं माझी आहेत तोवर मला कोण काय करतंय?"

"अहो, बाकं वाजवून कुणाचा जीव वाचलाय का कधी?"

"तुम्ही तरी वाजवाल ना?" त्या हसल्या.

आमच्याकडे व्याख्यान आवडलं की पोरं मुठीनं बाकावर टकटक करतात, नाही आवडलं तर जमिनीवर बूट घासतात.

दिवे पळाले. बाई काय बोलल्या त्या दिवशी! संपलं, आणि मागच्या रांगेत नाझी गणवेशात बसलेल्या चौघांनी बूट घासले. खर्र, खर्र. बाकीचे दोनशे माना खाली घालून गप्प. पण त्यांचे हात शिवशिवत होते, मला दिसत होतं. एकानं सुरुवात केली असती तर अख्खा हॉल वाजला असता.

बाईंनी माझ्याकडे बघितलं.

माझी मूठ वर आलीच होती. वाजवलं की त्या राहणार. राहिल्या की त्यांनाही उचलणार. मी मूठ कोटाच्या खिशात कोंबली आणि खाली बघत राहिलो.

"बरं," बाई म्हणाल्या. खडू ठेवला, पर्स उचलली. माझा निरोपसुद्धा घेतला नाही. चारची गाडी त्यांना मिळाली.

त्या जगल्या. इस्तंबूलहून झाडूवालीलासुद्धा पत्र आलं, मला एकही नाही. रागावू कसा? भेदरलेले ते दोनशे आणि मी, व्यासपीठावरून त्यांना सारखेच दिसलो असणार.

आणि खरं सांगू? त्या चौघांना मी भ्यालोही होतो. किती, ते मला अजून सांगता येत नाही.