लाखेवरचा शिक्का आणि चालू राहिलेला रेडिओ

मी एक जुना पितळी शिक्का आहे. मूठ लाकडाची, तोंड पितळेचं आणि स्वभाव जरा ताठ. मित्रांनो, सध्या माझा मुक्काम कचेरीतल्या टेबलाच्या तळच्या खणात आहे. सोबतीला वाळलेली शाईची बाटली आणि थोड्या गंजक्या टाचण्या. बाटली बोलतच नाही आणि टाचण्या टोचून बोलतात.

माझी कचेरी दारूच्या परवान्यांची. दचकू नका हं! मी आयुष्यात एक थेंबही चाखलेला नाही. दारू एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायची तर परवाना लागतो, विकायची तरी लागतो आणि दुकान एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करायचं तरी लागतो. अशा प्रत्येक परवान्यावर लाख ओतायची आणि त्या गरम लाखेवर मी उमटायचो. मी उमटलो की ट्रकवाला शीळ घालत निघायचा. नाही उमटलो तर बिचारा दारातच उकिडवा बसून राहायचा. एवढा माझा रुबाब!

घडवताना कारागिराने माझ्या तोंडावर सगळी अक्षरं उलटी कोरली, तेव्हा मी रडकुंडीला आलो होतो. वाटलं, आपला जन्म वाया गेला. पहिल्यांदा लाखेवर टेकलो आणि अक्षरं सुलटी उमटली, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

मला वापरायचे ते आमचे कारकूनकाका. त्यांची एक पद्धत होती. मेणबत्तीवर लाखेची कांडी धरायची, लाख टपटप पाडायची आणि मग मला तोंडाजवळ नेऊन माझ्यावर ‘हाऽ’ करून वाफ सोडायची. पितळ जरा ओलसर झालं की त्याला लाख चिकटत नाही. कारण एवढंच, पण ती वाफ काय ऊबदार असायची म्हणून सांगू! तिच्यासाठी मी दिवसभर वाट बघायचो.

कचेरीसमोर, रस्त्यापलीकडे एक दारूचं दुकान होतं. मालक दिवसभर रेडिओ ऐकायचा आणि गाण्यात स्वतःचा आवाज मिसळायचा. सूर मात्र कधीच मिसळला नाही. एके दिवशी तो माणूस बसल्या जागी गेला. परवाना त्याच्या नावावर. नियम असा, की तो बायकोच्या नावावर होईपर्यंत दुकानाला सील. वरून नकार आला तर माल दुसरीकडे जाणार आणि दुकान कायमचं बंद होणार. त्या बाईंचं, म्हणजे वहिनींचं, सगळं घर त्या दुकानावर चालायचं.

काका मला घेऊन सील लावायला गेले. नेमकी वीज गेलेली. मेणबत्तीच्या उजेडात त्यांनी बाटल्या मोजल्या, खोकी मोजली, शटर ओढलं. कुलपाला कापड गुंडाळलं, लाख ओतली, माझ्यावर हाऽ केलं आणि मला दाबलं. आम्ही रस्ता ओलांडतोय तोच वीज आली आणि बंद शटरच्या आत गाणं सुरू झालं.

आमच्यामागून निघालेल्या वहिनी जागच्या जागी थबकल्या. “अहो...” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

काकांनी कपाळावर हात मारला. “अरे देवा, रेडिओ! बाटल्या मोजायच्या नादात त्याचं बटण बघायचंच राहिलं. आता हुकूम येईपर्यंत सील फोडता येणार नाही हो, वहिनी. थांबा, मीटरवरून वीज बंद करतो.”

“नको, भाऊसाहेब,” वहिनी घाईने म्हणाल्या. “वाजू दे.”

मग वहिनी रोज सकाळी शटरच्या पायरीवर येऊन बसू लागल्या. भाजी निवडायच्या आणि रेडिओ ऐकायच्या. शेजारचा न्हावी एकदा म्हणाला, “वहिनी, तुमच्या गाण्यांवर माझी गिऱ्हाईकं दाढी करताना माना डोलावतात. एखाद्याचा कान जाईल हो माझ्या हातून!” त्या दिवशी वहिनी हसल्या. खिडकीतून बघणाऱ्या काकांना फार बरं वाटलं.

हुकूम आला तेव्हा काका मला खिशात टाकून धावतच रस्त्यापलीकडे गेले. “झालं वहिनी! परवाना तुमच्या नावावर!”

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. पण काकांनी सील फोडायला हात पुढे केला, तशा त्या एकदम म्हणाल्या, “भाऊसाहेब, जरा थांबा ना. शटर बंद आहे तोवर ते आत बसलेत असं वाटतं हो. उघडलं की रिकामी खुर्ची दिसणार.”

काकांनी हात मागे घेतला आणि ते पायरीवर बसले. आत गाणं चाललं होतं. ते संपलं आणि बातम्या लागल्या.

वहिनी उठल्या. “फोडा आता. बातम्या लागल्या की ते रेडिओ बंदच करायचे. नाहीतर चिडतील.”

काकांनी सील फोडलं. वहिनी एकट्या आत गेल्या आणि त्यांनी स्वतः बटण फिरवलं. मग कचेरीत येऊन नव्या परवान्यावर लाख ओतल्यावर काकांनी मला त्यांच्यापुढे धरलं. “आज वाफ तुम्ही सोडा, वहिनी.” त्यांनी हळूच हाऽ केलं. त्या दिवसाइतका स्वच्छ मी पुन्हा कधी उमटलो नाही.

पुढे काका निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी लाख नव्हती, कागदही नव्हता, तरी त्यांनी माझ्यावर एकदा हाऽ केलं, धोतराच्या सोग्याने मला पुसलं आणि या खणात ठेवलं. ते पुन्हा आले नाहीत. आता परवाने संगणकाच्या पडद्यावर येतात आणि ट्रकवाले खोळंबत नाहीत. बरंच झालं म्हणा. माझा कुणावर राग नाही. पण मला काकांची आठवण येते, मित्रांनो. फार येते. हवा थंड झाली की पितळही गार पडतं आणि खण काही उघडत नाही.

रस्त्यापलीकडचा रेडिओ मात्र अजून ऐकू येतो. बातम्या लागल्या की बंद होतो.

म्हणून एक मागणं आहे. कधी हा खण उघडलात, तर मला घासून चकचकीत करू नका आणि काचेच्या कपाटातही मांडू नका. नुसतं तोंडाजवळ धरा आणि एकदा हाऽ करा. तुम्ही काका नाही हे मला कळेलच. पण लगेच काही बोलू नका. माझं शटर थोडा वेळ बंदच राहू द्या.