लाल ठिपक्याचं रबर

"दाबला होता गं आई, खरंच दाबला होता!" लेक हुंदके देत सांगत होती आणि तिचा फुटलेला गुडघा धुताना माझं एकच पालुपद चाललं होतं, "ब्रेक दाबला असतास तर सायकल थांबली नसती का? मामाने परवाच नवी रबरं घातलीत ब्रेकला."

आमच्या गल्लीचा उतार थेट लोखंडी फाटकाशी संपतो. तिथेच ती धडकली होती.

मामा म्हणजे माझा थोरला भाऊ, सायकल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. लहानपणी मला ब्रेक शिकवला तो त्यानेच. लिव्हर दाबला की लिव्हर आणि हँडल यांच्यात दोन बोटं मावली पाहिजेत, आणि बोटं चालवणाऱ्याची, दुरुस्त करणाऱ्याची नव्हेत. माझी इवली बोटं धरून मोजायचा. अशा माणसाने "नवी घातलीत" म्हटल्यावर कोण तपासत बसतं?

तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या धाकट्या लेकाचा डोळा लागला, तशी मी सायकल उलटी केली. लेकीला बोटं घालायला लावली. बरोबर दोन मावली. तार नीट ताणलेली होती. चाक जोरात फिरवून लिव्हर दाबला, तरी चाक आपलं फिरतंच. पान्याने रबर सोडवलं. वरून काळंभोर, ताजं दिसत होतं. पॉलिश पेपरने घासलेलं. मागे लाल ठिपका.

तो ठिपका माझा होता. महिन्यापूर्वी मीच ब्रेक खोलला, तेव्हा उजवीकडचं रबर ओळखू यावं म्हणून नखांना लावायच्या रंगाचा ठिपका दिला होता. उरलेला रंग लेकीने पायाच्या बोटांना लावून घेतला होता.

धाकट्याला कडेवर घेऊन, लेकीचं बोट धरून दुकानात गेले.

"या या! फाटकाशी कुस्ती खेळलात म्हणे?" दादा भाचीला म्हणाला. ती माझ्यामागे लपली.

"दादा, रबरं नवी होती ना?"

"मग! भाचीच्या सायकलला जुनी घालीन होय?"

मी रबर त्याच्यासमोर ठेवलं. त्याने उलटून पाहिलं, ठिपक्यावर अंगठा घासला. रंग निघाला नाही.

"त्या मापाची संपली होती गं," तो हळूच म्हणाला. "घासली की धरतात काही दिवस."

"नवी म्हणाला होतास."

"तू घाईत होतीस, ठमे. आणि एवढीशी सायकल ती, पळून पळून पळणार किती?"

"मी एवढीशी होते तेव्हा तू माझी बोटं मोजायचास."

तो मागच्या फळीकडे वळला. मग खोक्यातून नवी जोडी काढत म्हणाला, "आता आलीत. सायकल घेऊन ये, लगेच बसवतो."

"नको. नुसती रबरं दे."

सवयीने धाकटा त्याच्याकडे झेपावला. मी त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं.

घरी रबरं बसवताना लेक शेजारी उकिडवी बसून नट हातात देत होती. झाल्यावर मी म्हटलं, "बघ, आता धरेल."

तिने नुसतं ऐकून घेतलं नाही. चाक फिरवलं, लिव्हर दाबला. परत फिरवलं, परत दाबला. चाक दोन्ही वेळा जागच्या जागी थांबलं.

"तू त्या दिवशी दाबला होतास," मी म्हणाले.

"सांगितलं होतं मी," ती म्हणाली, आणि तिसऱ्यांदा चाक फिरवलं.