नागाबाईच्या कोंबड्या आणि माझा ओवा

लातूर जिल्हा झाला, नव्या कचेरीत यांना कारकुनी मिळाली आणि आम्ही उदगीरहून इथं भाड्याच्या घरात आलो. जिल्हा झाला म्हणून पाणी काही वाढलं नाही. टँकर येईल तेव्हा येईल. आंघोळीचं पाणी मी न्हाणीमागच्या ओव्याला, पुदिन्याला घालायची. अख्ख्या गल्लीत हिरवं म्हणावं ते तेवढंच.

भिंतीपलीकडच्या नागाबाईच्या पाच कोंबड्या. दुष्काळात त्यांची पिसं झडली, अंडी बंद झाली. आम्ही लिंगायत, घरात अंड्याचं नावसुद्धा काढायचं नाही. सासूबाई, म्हणजे लक्ष्मम्मा, तर त्या बाजूची खिडकीही उघडू देत नसत. पण उपाशी जीव बघून मला राहवेना. दुपारी सासूबाई लवंडल्या की मी पानं बारीक चिरून भिंतीवरून टाकायची. पंधरा दिवसांत कोंबड्यांचे तुरे लाल झाले. मला केवढा आनंद, आणि तो सांगायची सोय नाही. त्या भरात एक दिवस मी जरा जास्तच पानं टाकली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई अंगणात ज्वारी पाखडत होत्या. पलीकडे नागाबाई रडत नवऱ्याला, देविदासला, सांगत होती, "पाचीबी हिरवं हागून राहिल्या. मानमोडीच ही. मागल्या साली याच रोगानं सगळ्या गेल्या. मरायच्या आधी कापून टाका."

ते हिरवं माझ्याच पानांचं होतं. गावात हिरवी काडी नाही, मग ती दुसरं काय समजणार? गप्प बसावं तर पाच जीव माझ्यापायी जाणार. बोलावं तर सासूबाई समोर. स्वतःचाच संताप आला आणि मी उठले.

"कापू नका," मी भिंतीवरून म्हटलं. "मी रोज ओवा, पुदिना घालते त्यांना. त्याचंच हिरवं आहे ते."

नागाबाईला पटेना. "अक्का, तुमच्या घरी अंड्याचं नाव घेत न्हाईत. तुम्ही कशाला कोंबड्यास्नी चाराल? उगी माझी समजूत घालू नका."

मी मूठभर पानं तोडून भिंतीवरून धरली. देविदासनं कापायला धरलेली तांबडी कोंबडी फडफडून सुटली, बाकीच्या चौघी तिच्यामागे, आणि पाचही जणी भिंतीशी उड्या मारायला लागल्या. आजारी कोंबडी दाण्याकडेही बघत नाही, हे नागाबाईला माझ्याहून जास्त माहीत. ती मटकन खाली बसली, हसता हसता रडली. मलाही रडू फुटलं. छातीवरचा धोंडा उतरला.

आता मागं वळायचं होतं. सासूबाईंचं सूप थांबलं होतं.

"किती दिवस चाललंय हे?"

"पंधरा."

"अन् तिला सांगितलं न्हाईस? बिचारी पोटच्यावानी पाळलेली कापाया निघाली व्हती की." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "बोलव तिला. तिघींचा च्या टाक."

आम्ही इथं आल्यापासून पहिल्यांदाच नागाबाई आमच्या घरात बसली आणि आमच्याच कपातून चहा प्याली.