डावीकडची जागा

सिनेमाला जायचं म्हटलं की मधुशेठ एरवी कुरकुर करायचे. तिकीट काढून झोपायचं तर घरची गादी काय वाईट, असा त्यांचा सवाल असे. या खेपेला मात्र राजसने, त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, आईवडिलांना जवळजवळ ओढतच थिएटरात नेलं. आणि सांगलीच्या हळदीच्या व्यापारात मुरलेला हा गडी मध्यंतरातसुद्धा खुर्चीवरून हलला नाही.

सिनेमा खुनाचा होता, पण खून कुठे दिसलाच नाही. बंद दाराआड मिक्सर फिरत राहिला, थांबला आणि दार उघडून एक माणूस शांतपणे हात पुसत बाहेर आला. बस्स. ना किंकाळी, ना कानठळ्या बसवणारं संगीत. साध्या सुती शर्टातला फौजदार कुणावर डाफरत नव्हता, फारसं काही विचारतही नव्हता. समोर बसून संत्रं सोलायचा आणि माणसं न्याहाळायचा. खुनी त्याला सापडला तो एवढ्यावरून, की त्या माणसाने आपली रोजची बसायची जागा बदलली होती.

"याला म्हणतात सिनेमा," घरी येताना मधुशेठ म्हणाले. "उगाच बडबड नाही. सगळं बघण्यात."

"फौजदार देखणा होता," त्यांच्या पत्नी शरयूताई म्हणाल्या. "पण असल्या माणसाशी संसार करणं कठीण."

राजस हसला. मधुशेठना हसू आलं नाही. त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती, कारण जागा राजसनेही बदलली होती.

हळदीच्या मार्केट यार्डात आता उघड बोली चालते. तरी जुनी मंडळी मागे उरलेला माल अजून रुमालाखालीच ठरवतात. शेतकऱ्याचा माल विकून देणारा अडत्या हातावर रुमाल टाकतो, खरेदीदार त्याखाली हात घालून त्याची बोटं दाबतो, की झाला भाव सांगून. तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि एकाचा भाव दुसऱ्याला कळायचा नाही. पण दिवाळीपासून मधुशेठचा भाव फुटत होता. त्यांच्यामागून पलूसचे व्यापारी नाथाजी रुमालाखाली हात घालत आणि केसभर जास्त देऊन माल उचलून नेत. एखाद्या वेळी होतं असं, पण सारखं कसं होईल? कुठेतरी पाणी मुरत होतं.

आणि सौद्याला नेहमी बापाच्या उजव्या अंगाला बसणारा राजस दिवाळीपासूनच डावीकडे बसू लागला होता.

मग मधुशेठनी फौजदाराचीच रीत धरली. विचारलं काही नाही, नुसते बघत राहिले. ऐन सौद्यात राजस मध्येच पुढे वाकायचा, मध्येच मागे रेलायचा. पलीकडे बसलेल्या नाथाजींनी मान तिरकी केली की हा पुन्हा हलायचा. एकदा तर नाथाजी त्याच्याकडे बघून गालातल्या गालात हसले. आणखी खूण ती कसली हवी?

घरी राजसचा फोन वाजला की यांचे कान टवकारत. तो पाण्याचा तांब्या पुढे करी, तर याला माझी एवढी काळजी का, असं मनात येई. बायकोला सांगायची सोय नव्हती. पोटचा पोर बापाला विकतोय, हे कुठल्या तोंडाने सांगणार? वखार, पेढी, नाव, जे काही उभं केलं ते या एकासाठी. तोच आपला राहिला नाही तर उरलेल्याचं करायचं काय, या विचाराने त्यांना घास उतरेना.

अखेर एका सौद्याच्या सकाळी त्यांनी सांगून टाकलं, "आजपासून यार्डात येऊ नकोस. वखारीत थांब."

"बाबा, मी आलेलो बरं असतं."

मधुशेठ त्याच्याकडे बघत बसले. राजसने मान खाली घातली. झालं, यांची खात्रीच पटली.

त्या दिवशी राजापुरी हळदीचा एकही ढीग मधुशेठच्या हाती लागला नाही. बोटं यांनी दाबावीत आणि माल नाथाजींनी न्यावा, असंच चाललं. शेवटी नाथाजी उठून त्यांच्याजवळ येऊन बसले.

"मधुशेठ, राजस कुठं हाय?"

"वखारीत."

"आणत जावा त्याला. असं लुटायला मला बी ग्वाड वाटंना."

"म्हणजे?"

"आवं, उजव्या हातानं रुमालात बोटं दाबतासा, तवा तुमचा डावा हात बी गुडघ्यावर तितकीच बोटं दाबतोय. दिवाळीपास्नं बघतोय मी. तुमाला ठावंच न्हाई व्हय? पोरगं मधी बसून झाकतंय. मी वाकलो की त्ये बी वाकतंय. अधनंमधनं दिसायचं त्यातनं बी, पर आज समदंच उघड्यावर."

मधुशेठनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. इतकी वर्षं सोबत वागवलेला हात, पण त्याची त्यांना लाज वाटली. राजसवर घेतलेल्या संशयाची तर त्याहून जास्त.

वखारीत राजस हळकुंडं मोडून आतला रंग बघत होता.

"मला सांगितलं का नाहीस?" त्यांनी विचारलं. "माझ्या हाताचं?"

राजसने हळकुंड खाली ठेवलं. "सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवसापासून सौद्याला बसला नसता. मला ते नको होतं."

विषय इथे मिटवता आला असता. राजसला संशयाचा पत्ताही नव्हता. पण मधुशेठना ते गिळवेना.

"मला वाटलं, नाथाजींना भाव तू सांगतोस."

"कधीपासून वाटत होतं?" राजसने विचारलं.

"आपण सिनेमा बघून आलो, तेव्हापासून."

"म्हणजे इतके दिवस तुम्ही मला चोर समजून माझ्या शेजारी जेवायला बसत होता," राजस म्हणाला. आवाज त्याने चढवला नाही. "आणि मी आईला विचारत होतो, बाबा जेवत का नाहीत, त्यांना बरं नाही का."