जुन्या इंजेक्शनची नोंद

औषधानं कुणाला त्रास झाला, तर तो लिहून घ्यायचं काम मी करते. सरकारी कचेरी, दुसरा मजला. चक्कर, पुरळ, उलट्या. लोक सांगतात, मी फॉर्म भरते. एकाच गोळीच्या अशा पुष्कळ नोंदी जमल्या की डबीतल्या माहितीच्या कागदावर एक ओळ वाढते.

त्या दिवशी समोर आमचे जुने डॉक्टर येऊन बसले. ऐंशी उलटलेली, उजवा हात सारखा थरथरत होता. त्यांनी मला ओळखलं नाही. मी मात्र त्यांना कुठल्याही गर्दीत ओळखलं असतं.

नवी गोळी सुरू केल्यापासून हात कापतो, अशी त्यांची तक्रार. त्यांना तपासणारा तरुण डॉक्टर वयावर ढकलून मोकळा झाला होता, म्हणून त्यांना रीतसर नोंद हवी होती. मी ती लिहून घेतली. मग त्यांनी डबीतला लांबलचक कागद टेबलावर पसरला.

"बघा, केवढी यादी! आमच्या काळी औषधं कशी साधी असायची. असलं काही होत नसे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली.

माझी आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. छातीच्या दुखण्यावर याच माणसानं तिला दोन महिने रोज इंजेक्शन दिलं. छाती बरी झाली, ते नाकारत नाही. पण पाचव्या आठवड्यात कानांत शिट्टी वाजायला लागली. ती तीनदा सांगायला गेली. तिन्ही वेळा हे म्हणाले, बाई, मनाचे खेळ आहेत. पुढे ऐकूच येईना. औषधानं झालंय असं डॉक्टरांचं लेखी आणलंत तर दुसरं काम देऊ, असं एक्स्चेंजवाले म्हणाले. यांनी एक ओळ लिहून दिली नाही. नोकरी गेली. वर आजी मरेपर्यंत म्हणत राहिली की सून बहिरेपणाचं सोंग करते.

"होत असे, डॉक्टर," मी म्हणाले. "फक्त कुणी विचारत नसे आणि कुणी लिहीत नसे. म्हणून तुमची औषधं साधी."

मग मी कुणाची मुलगी ते सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. मी कोरा फॉर्म पुढे सरकवला. आमच्या फॉर्मला वर्षाची अट नाही. चाळीस वर्षांपूर्वीचा त्रासही चालतो. आता त्याचा काय उपयोग, असं ते पुटपुटले.

"काही नाही. लिहा."

हात चालत नाही, तुम्हीच लिहा, असं त्यांनी विनवलं. हात चालत नसेल तर आम्ही लिहून द्यायचं, असा नियमच आहे. त्यांच्या तक्रारीसाठी मी तो पाळला होता. आता पेन त्यांच्या हातात दिलं.

'रुग्णानं तक्रार केली होती का?' या रकान्यात त्यांनी 'नाही' लिहिलं. मी कागद फाडला आणि नवा फॉर्म दिला, पहिल्या ओळीपासून. दुसऱ्यांदा त्यांनी 'होय, तीनदा' लिहिलं. पाऊण तास गेला. रांगेतली माणसं चुळबुळत होती, डॉक्टर घामाघूम झाले होते. मला दया आली नाही. आली असती तर इथं कबूल केलं असतं.

त्यांची स्वतःची नोंद मी त्याच दिवशी पुढे पाठवली, काना-मात्रा न चुकवता. ती दाबली असती तर त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला असता?

संध्याकाळी फॉर्मची झेरॉक्स आईच्या हातात ठेवली. ओळीवर बोट ठेवून तिनं सगळं वाचलं. अक्षर इतकं वेडंवाकडं का, असं तिनं खुणेनं विचारलं. हात थरथरतो त्यांचा, तरी मीच लिहायला लावलं, हे मी पाटीवर लिहून दाखवलं. तिनं कागद उलटून मागची बाजू पाहिली. आता ती मला रागावणार, असं वाटलं.

"ही झेरॉक्स आहे," ती म्हणाली. आपला आवाज आपल्याला ऐकू येत नसल्यानं ती नेहमी मोठ्यानंच बोलते. "मूळ कागद कुठाय?"

तो कचेरीत राहतो, मी लिहिलं.

"मग उद्या परत बोलाव त्याला. माझ्यासाठी दुसरा लिहू दे."