तुरीतला आवाज

डोळे मिटा बरं. दिवस मावळतो आहे. समोर तुरीचं शेत आहे, तुमच्या डोक्याहून उंच. ओळींच्या मधे अंधार आधीच येऊन बसला आहे. वारा पडलेला. आणि आतून कुणीतरी तुमचं नाव घेऊन हाक मारतं. आवाज ओळखीचा आहे. पण ज्याचा तो आवाज, तो माणूस उन्हाळ्यातच वारला.

काबरा नावाच्या कुत्र्याला ही हाक रोज संध्याकाळी ऐकू येत होती.

पांढरकवड्याच्या पुढे, जंगलाला लागून बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. काबरा तिथल्या म्हाताऱ्या सेवादासचा. सेवादासची नात राखी त्याला दादा म्हणायची. गोरबोलीत आजोबांना दादाच म्हणतात. दादा गेला तेव्हापासून पोरगी आणि कुत्रा एकमेकांना सोडत नव्हते. पण तुरीला शेंगा भरल्या आणि काबरा सांज झाली की शेताकडे पळू लागला. त्याचे कान तीक्ष्ण; तांड्यातल्या माणसांना इतक्या लांबचं काही ऐकू येत नव्हतं. राखीने बांधून ठेवलं, त्याने दोरी कुरतडली. नाल्यापलीकडे वाघाने नुकताच गोऱ्हा मारला होता. काबरा आज परत आला नाही तर? राखी रोज तो येईपर्यंत दारात उभी राहायची.

त्या दिवशी घरच्या चांदी शेळीने खुंटा उपटला आणि ती काबऱ्याच्या मागे निघाली.

“काहून मरायले जातं बे रोज?” तिने विचारलं.

“मालक बलावते.”

“मालकाले तं आपल्या डोयासमोर उचलून नेलं.”

“म्हणूनच तं जातो. कोण बलावते, ते पाह्यलं पाहिजे ना!”

“मंग एकटा कायले? तुह्यं नाक, माहे दात. चाल.”

कुत्र्याचा तपास नाकाने चालतो, हे लक्षात ठेवा. वारा असला तर वास त्याच्याकडे चालत येतो. वारा पडला की त्यालाच वासाकडे जावं लागतं. काबऱ्याने धुऱ्याने, बांधाबांधाने, सगळं शेत फिरून घेतलं. रानडुकराचा वास लागला. रोह्याच्या, म्हणजे नीलगाईच्या, लेंड्यांचा लागला. राखीच्या बापाच्या चपलेचा, जुना. दादाच्या घोंगडीचा, बिडीचा मात्र कुठेच नाही.

“हुर्र! हुर्र! धर रे काबरा, धर!”

काबऱ्याच्या पाठीवरचे केस उभे राहिले.

“आवाज हाये, वास नाही,” तो हळूच म्हणाला. “जित्या माणसाले वास असते. मेल्यालेही असते. हे काय हाये मंग?”

चांदीने कान टवकारले. हाक पुन्हा आली. मग पुन्हा.

“खोकला आयक,” ती म्हणाली. “दुसऱ्या हुर्रच्या मांगून खोकलते. दर डाव तिथंच. जिता माणूस असा खोकलत नाही.”

“आन् मेलेला?”



दोघं एकमेकांना खेटून आत शिरले. मधोमध मोहाचं झाड होतं. आवाज वरून येत होता. चांदी मागच्या पायांवर उभी राहिली आणि तिने पुढचे पाय खोडावर टेकवले. वर एक तोंड होतं. गोल, वासलेलं. डोळे नाहीत, कान नाहीत, नुसतं तोंड. त्याला एक बारीक शेपूट लोंबत होतं. भ्यालेली शेळी जे करते तेच चांदीने केलं. तिने शेपूट चावलं.

“धर रे काबरा, ध...”

सगळं गप्प झालं. नाल्याकडून वानरं खेकसली. वाघ दिसला की वानरं असं खेकसून सगळ्या रानाला सांगतात.

“पळ!” चांदी ओरडली.

काबरा हलला नाही. मालकाचा हुकूम अर्धाच आला होता. उरलेला येईपर्यंत थांबायचं म्हणून तो झाडाखाली बसून राहिला.

तेवढ्यात थाळी वाजवत, टॉर्च मारत राखी आणि तिची आई सुखीबाई आल्या. सुखीबाईने उजेड वर केला.

“पाहा, भोंग्याची वायर खाल्ली या अवदसेनं! डुकरं हाकलाले लावला होता, सांज झाली का आपोआप वाजते.”

भाजीवाला गाडीवर लावतो तसाच भोंगा होता. सुखीबाईने तुटलेली वायर पिळून जोडली.

“हुर्र! हुर्र!” मग खोकला. “धर रे काबरा, धर!”

सुखीबाई दोन पावलं मागे सरली. 

“तुह्या बापूनं गेल्या सालचंच कार्ड टाकलं वं,” सुखीबाई कशीबशी म्हणाली. “दादाचा आवाज दणदणीत, म्हणून त्याच्याचकडून भरून घेतलं होतं. आन् त्यात कोनाचा आवाज हाये हे न पाह्यता कापसाच्या जिनिंगवर कामाले निंगून गेला.”

“याडी, बंद कर,” राखी आईला म्हणाली. “ हे वाजन तवर काबरा इथून उठत नाही.”

“बंद केला तं डुकरं तूर ठेवतीन का?”

काबरा भोंग्याकडे बघत हळूहळू शेपूट हलवत होता. वानरं पुन्हा खेकसली, या वेळी नाल्याच्या अलीकडे.

राखीने भोंगा खाली काढला. आतलं कार्ड उपसून ओढणीच्या पदरात घट्ट बांधलं. मग भोंग्यातच नवा आवाज भरायचं लाल बटण दाबलं, तोंड अगदी जवळ नेलं आणि दादासारखा जाड आवाज काढून ती ओरडली, “हुर्र! हुर्र!” तिचा आवाज फाटला. थोडं थांबून, हळू, ती पुढे म्हणाली, “काबरा, काम झालं. चाल, घरेन चाल.”

आणि तिने भोंगा पुन्हा झाडाला टांगून सुरू केला.